रात्री नऊनंतरची कुरापत

"मॅडम, भांडणं थांबली की 'ते' आपोआप सुरळीत होईल ना?" लैंगिक अडचण असलेली जोडपी हे हमखास विचारतात. माझा अनुभव असा, की त्यांची बरीचशी भांडणं 'ते' टाळण्यासाठीच चाललेली असतात.

चिंचवडच्या एका जोडप्याचं उदाहरण घ्या (ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत). तक्रारी नेहमीच्याच: सासूबाईंचे फोन, मुलीचा अभ्यास, घराचे हप्ते. वर्षभर शरीरसंबंध नाहीत, हे दोघांशी वेगवेगळं बोलले तेव्हा कळलं. त्याची ताठरता टिकत नव्हती. तसं दोनतीनदा झालं आणि पुढे प्रत्येक वेळी 'आज जमेल का?' हीच धास्ती. धास्तीने उरलीसुरली ताठरताही जाते. मग रात्री नऊनंतर तो काहीतरी कुरापत काढायचा. भांडण झालं की पाठ फिरवून झोपायला मोकळा! तिला वाटायचं, आपण नकोशा झालो, नाहीतर याचं बाहेर काहीतरी चालू आहे. ती खोदून विचारायची, तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा. ती आणखी चिडायची.

त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं. ताठरतेची तक्रार कधीकधी मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. भिंतीवरच्या जाहिराती वाचून गोळ्या घेणाऱ्यांना हे कोण सांगणार? त्याची साखर बरीच वाढलेली निघाली. माझ्या मते निम्मं काम त्या रिपोर्टनेच केलं. 'मी नकोशी झाले' हा तिचा समज तिथेच ढिला पडला.

मग काही आठवडे संभोगाला बंदी घातली, फक्त स्पर्श. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० साली मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. परीक्षाच नाही म्हटल्यावर नापास होण्याची भीती कमी होते. "पैसे देऊन उपास करायचा?" असं त्याने विचारलंही. भांडणासाठी नियम एकच: वाद संध्याकाळच्या चहाला, अंथरुणात नाही. आणि भीती वाटली तर कुरापत न काढता "भीती वाटतेय" म्हणायचं. हे वाक्य त्याला स्पर्शापेक्षा जड गेलं.

साखर आटोक्यात यायला आणि संबंध पुन्हा सुरू व्हायला काही महिने लागले. अजूनही दरवेळी जमतंच असं नाही. नाही जमलं तर तो तसं सांगतो, आणि ती जाब विचारत नाही.