मुळांचा शोध : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी सून आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातली. तिच्या खापरपणजोबांचा जन्म १८६० च्या सुमाराचा. नातवासाठी त्यांचं मूळ शोधायचंय. सुरुवात कुठून करू? – एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, आधी सूनबाईंना ‘टाउनलँड’ विचारा. टाउनलँड म्हणजे साधारण आपली वाडी. ती ठाऊक नसेल तर एकाच नावाचे दहाजण समोर येतील. तिथे सर्वांची जन्मनोंद सरकारदरबारी १८६४ पासून होऊ लागली, म्हणून तुम्हाला चर्चची बाप्तिस्म्याची वहीच पाहावी लागेल. घराणं कॅथलिक असेल तर १८८० पर्यंतच्या बहुतेक वह्या डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. नावं पुष्कळदा लॅटिनमध्ये असतात. मी तीन रात्री ‘जेम्स’ शोधला, तो ‘याकोबुस’ म्हणून सापडला तेव्हा डोळे भरून आले. धर्ममाता-पित्यांची नावंही उतरवून घ्या, ती पुष्कळदा नात्यातलीच निघतात.

मग ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करआकारणीसाठी केलेली जमीन-घरांची नोंद, पाहा (१८४७ ते १८६४). आपल्या सातबाऱ्याची आठवण होईल. कूळ कोण, जमीन कोणाकडून घेतलेली, क्षेत्र किती, सगळं त्यात आहे. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याला लागलेल्या आगीत गेले, याची हळहळ मला आजही वाटते. १९०१ आणि १९११ चे मात्र शाबूत आहेत. खापरपणजोबा तेव्हा हयात असतील तर तिथे भेटतील.