कोल्हापूरहून साखर भरून पुण्याकडे जाणाऱ्या ट्रकचं वजन टोलनाक्यावर न थांबता कसं कळतं?

लेनमध्ये पुरलेल्या सेन्सरपट्टीवरून प्रत्येक एक्सल (दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आस) जाताना पडणारा दाब मोजतात आणि सगळ्या एक्सलची बेरीज करून एकूण वजन काढतात. दोन एक्सलच्या ट्रकला २०१८ पासून एकूण मर्यादा १८.५ टन आहे. त्यापुढे मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये दंड, शिवाय जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये आणि जादा माल उतरवायचा खर्च. हे कडक वाटेल, पण योग्यच आहे: एक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज ढोबळमानाने १६ पट होते. मात्र पट्टीवर ब्रेक दाबला किंवा अर्धवट भरलेल्या टँकरमधलं दूध हिंदकळलं, तर आकडा चुकतो. शंका असेल तर साध्या वजनकाट्यावर गाडी उभी करून फेरवजन मागा.