मानसशास्त्राच्या पेपरात प्रश्नात दिलेला अभ्यास वाचून संशोधनाची पद्धत कशी ओळखायची?

आधी एकच बघा: संशोधकाने स्वतः काही बदललं का? बदललं, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, तर तो प्रयोग. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये काही मुलांना मोठा माणूस बाहुलीला बदडताना दाखवला, काहींना नाही. म्हणून तो प्रयोग.

नाशिकच्या रामकुंडावर बसून लोक कसे वागतात ते नुसतं टिपलं तर निरीक्षण (स्वतःच भाविक होऊन गर्दीत मिसळलात तर सहभागी निरीक्षण). कॉलेज रोडवरच्या पोरांकडून प्रश्नावली भरून घेतली तर सर्वेक्षण. एकाच माणसाचा खोलवर अभ्यास म्हणजे व्यक्तिअभ्यास; १९५३ च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या आठवणी साठवू न शकलेले हेन्री मोलेसन हे त्याचं नेहमीचं उदाहरण.

पेपरात दांडी उडते ती सहसंबंधात, म्हणजे दोन गोष्टी सोबत बदलतात का एवढंच मोजतात तिथे. मोबाइलचे तास आणि झोपेचे तास मोजले, पण कुणाचा मोबाइल काढून घेतला नाही ना? मग आकडे कितीही असोत, तो प्रयोग नव्हे. मोबाइलमुळेच झोप कमी झाली असं त्यातून म्हणता येत नाही; झोप येत नाही म्हणूनही मोबाइल हातात येतोच की! आणि हो, मुलगे-मुलींची तुलना हाही खरा प्रयोग नाही. ते गट तुम्ही पाडलेले नसतात.