घर बिल्डरचं, पाटी डिस्नीची

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. नवरा-बायको दोघंही आयटीत, मिळून वर्षाचं उत्पन्न २ लाख ४० हजार डॉलर. एच-१बी व्हिसा, आय-१४० (कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज) मंजूर, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ५ चा. २०२१ मध्ये टाउनहाउस घेतलं, कर्ज २.८७५ टक्क्यांचं, त्यातले ३ लाख १५ हजार डॉलर फेडायचे राहिलेत. घर आज ५ लाख ८० हजारांना जाईल. तिथून जवळ, पिट्सबरोला, डिस्नीच्या नावाने ‘अ‍ॅस्टेरिया’ ही वसाहत होतेय. तिथे ८ लाख ६० हजारांपर्यंतचं घर घ्यायचं यजमानांनी मनात पक्कं केलंय. टाउनहाउस विकायचं, कमी पडलं तर बाणेरचा फ्लॅट काढायचा. त्या फ्लॅटमध्ये सासू-सासरे राहतात, त्यांना इकडे आणायचं. यजमानांचं म्हणणं, ‘डिस्नीचं नाव आहे, भाव पडणार नाही.’ ताई लिहितात, ‘माझा विरोध नाही, पण आकडे मांडायला बसलं की पोटात गोळा येतो.’

नमस्कार ताई,

पोटात गोळा येतोय ते बरोबरच आहे, पण त्याचं कारण डिस्नी नाही. कारण २.८७५ टक्के हे आहे. त्याच्याकडे येतोच, आधी ‘नावामुळे भाव पडणार नाही’ या वाक्याचं पाहू, कारण यजमानांचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

डिस्नीने २०२२ च्या फेब्रुवारीत ‘स्टोरीलिव्हिंग बाय डिस्नी’ जाहीर केलं. पहिली वसाहत कॅलिफोर्नियात रँचो मिराजला, तिचं नाव कोटिनो. सुमारे १,९०० घरं आणि मध्ये २४ एकरांचं निळंशार कृत्रिम तळं. दुसरी तुमच्याजवळची अ‍ॅस्टेरिया, डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेली. चॅथम पार्क या मोठ्या प्रकल्पाच्या आत सुमारे १,५०० एकर, ४,००० हून जास्त घरं. जाहीर करताना पहिली घरं २०२७ मध्ये येतील असं सांगितलं होतं. दोन्हीकडे विकासक डीएमबी डेव्हलपमेंट ही अ‍ॅरिझोनाची कंपनी आहे. कोटिनोत घरं बांधणारे आणि विकणारे बिल्डर आणखी वेगळे. घर डिस्नी बांधत नाही, विकतही नाही. नाव, कल्पना, क्लबहाउसची सजावट, तिथले कार्यक्रम आणि डिस्नीने शिकवलेले कर्मचारी एवढं तिच्याकडून येतं.

म्हणजे ओल्या भिंतीची तक्रार बिल्डरकडे, मेंटेनन्सची एचओएकडे, म्हणजे घरमालकांच्या संघाकडे. डिस्नीकडे न्यावी अशी तक्रार म्हणजे क्लबमधल्या शनिवारच्या कार्यक्रमाची.

नावाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. पण हे नाव करारावर टांगलेलं असतं. पुण्याच्या कल्याणीनगरात पंचशीलने बांधलेले ट्रम्प टॉवर्स यजमानांनी पाहिले असतील. घर पंचशीलचं, नाव भाड्याचं. न्यूयॉर्कमध्ये रिव्हरसाइड बुलेव्हार्डच्या काही इमारतींवरून तेच नाव २०१६ मध्ये उतरवलं गेलं. तिथल्याच २०० क्रमांकाच्या इमारतीतल्या रहिवाशांना त्यासाठी कोर्टात जावं लागलं, २०१८ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि त्याच वर्षी अक्षरं खाली आली. डिस्नीबाबत असं होईल असं नाही, पण जे भिंतीवरून निघू शकतं त्यासाठी तीस वर्षांचं कर्ज काढताना एवढं तरी ठाऊक असावं.

डिस्नीचा स्वतःचा इतिहासही आहे. फ्लोरिडातलं सेलिब्रेशन हे गाव डिस्नीनेच वसवलं, पहिली कुटुंबं १९९६ मध्ये राहायला आली. त्याआधी घरासाठी सोडत काढावी लागली, एवढी गर्दी. २००४ मध्ये डिस्नीने तिथला मध्यवर्ती बाजारपेठेचा भाग लेक्सिन कॅपिटलला विकला. त्या भागातल्या फ्लॅटधारकांनी पुढे गळती, बुरशी आणि देखभालीवरून नव्या मालकाविरुद्ध दावा ठोकला. न्यायाचं बोलायचं तर सेलिब्रेशन ओस पडलेलं नाही. दहा हजारांवर वस्तीचं नांदतं गाव आहे. पण तिथली माणसं डिस्नीच्या पार्कला खेटून राहतात. २०१० पासूनची गोल्डन ओक ही श्रीमंतांची वसाहत तर डिस्नी वर्ल्डच्या आवारातच आहे. पिट्सबरोहून ऑर्लँडो गाडीने नऊ-दहा तास. पार्कच्या शेजारामुळे जो भाव टिकतो, तो इथे गृहीत धरता येणार नाही.

पिट्सबरोच्या भावाचा आधार असेल तो ट्रँगलमधल्या, म्हणजे रॅले-डरहॅम-चॅपल हिल पट्ट्यातल्या नोकऱ्यांचा. त्याचंही चित्र सरळ नाही. चॅथम काउंटीत विनफास्टचा मोटार कारखाना येणार होता, तो २०२८ वर ढकलला. सायलर सिटीला चिपचा कारखाना उभारणाऱ्या वुल्फस्पीडने २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. दोन्हींचं पुढे चांगलंही होईल, पण आजच्या भावात उद्याची गर्दी आधीच धरलेली असते. आणि पैशाचं नसलं तरी एक सांगते: हॉ नदीच्या पाण्यातल्या पीफास रसायनांमुळे पिट्सबरोला वेगळी गाळण यंत्रणा बसवावी लागली. नव्या वसाहतीला पाणी कुठून आणि कसं शुद्ध करून येणार, हे विचारायला लाजू नका.

आता तुमचे आकडे. टाउनहाउस ५ लाख ८० हजारांना विकलं, सहा टक्के खर्च गेला, कर्ज फेडलं, तर हातात साधारण २ लाख ३० हजार राहतील. ते सगळे घातले तरी नव्या घरावर ६ लाख ३० हजारांचं कर्ज. साडेसहा टक्के धरले तर हप्ता ३,९८० च्या आसपास, आणि पहिल्या महिन्यात त्यातले ३,४०० नुसतं व्याज. आज तुमचा हप्ता आहे १,४५२. घराचा कर किमतीबरोबर वाढेल, महिना सव्वादोनशे धरा. एचओए आणि क्लब मिळून मी ६०० धरलेत, त्यातून तुमचे आजचे २०० वजा करा. एकूण फरक महिना ३,१०० ते ३,२०० डॉलर, वर्षाला ३८ हजारांच्या घरात. दोघांचं मिळून हातात येतं १२,८००, त्यातले ८०० पुण्याला जातात. भागेल का? भागेल. पण मुलांच्या ५२९ मध्ये (शिक्षणाच्या बचत खात्यात) आणि रिटायरमेंटच्या खात्यात आज जे टाकताय, त्यातलं बरंचसं थांबेल.

अमेरिकेत जुनं कर्ज उचलून नव्या घरावर नेता येत नाही. २.८७५ टक्के एकदा सोडले की गेले. तुमच्या संपत्तीत डिस्नीपेक्षा किमती काही असेल तर ते हे कागद आहेत, आणि यजमान हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागलेत असं मला स्पष्ट वाटतं.

व्हिसाचा मुद्दा तुमच्या पत्रात एका ओळीत आहे, मी त्याला जास्त वजन देईन. एच-१बीवरची नोकरी गेली की दुसरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. १,४५२ चा हप्ता तुमच्या दोघांपैकी एकाच्या पगारात आरामात निघतो. ३,९८० अधिक कर अधिक क्लब निघायला ओढाताण होईल, आणि घाईत विकलेलं घर कुठल्याही नावाचं असलं तरी स्वस्तात जातं. तुमच्याकडे चार महिन्यांचा खर्च बाजूला आहे. टाउनहाउससाठी ठीक, अ‍ॅस्टेरियासाठी तोकडा.

बाणेरचा फ्लॅट या हिशेबातून सरळ काढून टाका. सासू-सासऱ्यांना ‘इकडे आणायचं’ म्हणजे कशावर? आई-वडिलांचं ग्रीन कार्ड २१ वर्षं पूर्ण केलेल्या अमेरिकन नागरिक मुलालाच करता येतं. यजमान अजून ग्रीन कार्डच्याच रांगेत आहेत, नागरिकत्व त्याच्याही पुढे. तोवर सासू-सासरे येतील पर्यटक व्हिसावर, बहुतेक वेळा सहा महिन्यांसाठी. राहिलेले सहा महिने त्यांनी कुठे काढायचे? शिवाय अनिवासी भारतीयाने घर विकलं की खरेदीदार टीडीएस कापतो. कमी कपातीचा दाखला आधी काढला नाही तर नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापतो, आणि पैसे परतावा येईपर्यंत अडकतात. तोच नफा अमेरिकेच्या रिटर्नमध्येही दाखवायचा. पण कर ही दुय्यम गोष्ट. त्यांच्या डोक्यावरचं छप्पर आपल्या डाउन पेमेंटमध्ये धरू नये, आणि हे यजमानांना तुम्ही सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं, म्हणून इथे लिहिलं.

मुलांसाठी म्हणून घेत असाल तर वयं मोजा. आज बुक केलं आणि घर २०२८ मध्ये हाती आलं, तर लेक शाळेच्या त्या वयात असेल जिथे मिकीचं नाव काढलं की डोळे फिरवतात. धाकट्याला थोडी वर्षं मिळतील. या योजनेत काही भाग ५५ वर्षांपुढच्यांसाठी असणार हेही डिस्नीने सुरुवातीलाच सांगितलंय. कोटिनोत तसा भाग आहेच. लहान मुलांनी गजबजलेलं अंगण डोळ्यांसमोर असेल तर आधी आराखडा बघा.

माझा सल्ला: पहिल्या टप्प्यात घेऊ नका. लोक राहायला येऊ देत, पहिली एचओए अंदाजपत्रकं आणि पहिल्या पुनर्विक्रीचे भाव समोर येऊ देत. तोवर फरकाचे महिना ३,१०० प्रत्यक्ष बाजूला टाकायला लागा, जणू हप्ता सुरू झालाच आहे. वर्षभर जमलं तर यजमानांचं म्हणणं मी पुन्हा ऐकायला तयार आहे. तेव्हा हातात ३७ हजार असतील, आणि टाउनहाउस न विकता भाड्याने देण्याचा पर्यायही उघडेल. शेजारचं तसंच घर २,४०० ला गेलंय म्हणता, म्हणजे हप्ता, कर, एचओए जाऊन फार तोटा नाही. राहणं सोडल्यावर तीन वर्षांच्या आत ते विकलंत, तर पाचपैकी दोन वर्षं राहिल्याच्या नियमाने दोघांच्या मिळून ५ लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर फेडरल कर लागत नाही. भाड्याच्या काळातली घसाऱ्याची वजावट तेवढी करात धरली जाते.

हे सगळं ऐकूनही यजमान विक्री कार्यालयात जाणारच असतील तर तोंडी उत्तरांवर येऊ देऊ नका. डिस्नीबरोबरचा करार किती वर्षांचा आणि तो संपला तर क्लब कोण चालवणार, क्लबचं सदस्यत्व ऐच्छिक आहे का, घर विकलं तर ते नव्या मालकाकडे जातं का, वार्षिक शुल्क वाढवायला काही मर्यादा आहे का, विकासक एचओएवरचा ताबा कधी सोडणार, घर भाड्याने देता येतं का. हे सगळं कागदावर मागा. बिल्डर स्वतःच्या छापील करारावर सही घेतात आणि त्यातल्या अटी त्यांच्या बाजूच्या असतात. तुमच्या राज्यात घराच्या व्यवहारात वकील लागतोच, त्याला शेवटच्या दिवशी न बोलावता सहीच्या आधी बसवा. मसुदा मिळाला की मलाही पाठवा, ठेव कुठल्या परिस्थितीत परत मिळत नाही ते कलम आधी शोधू.