वाचक विचारतात: समुद्रात पडलेली वस्तू कुठे जाणार हे कॉम्प्युटरला कसं कळतं?

प्रश्न: १९९२ च्या जानेवारीत पॅसिफिक महासागरात एका जहाजावरून कंटेनर पडले आणि त्यातली २८,८०० प्लास्टिकची बदकं, कासवं, बेडूक वगैरे खेळणी पाण्यात तरंगत निघाली, त्यांचा प्रवास कॉम्प्युटरवर मांडला असं वाचलं. पण असं करताना म्हणे मॉडेलमध्ये हजारो कण सोडतात. प्रवाह माहीत असेल तर एकच कण सोडला तरी पुरे ना?

उत्तर: अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत, सगळी गंमत या हजारो कणांतच आहे. आधी एकच कण घेऊ. मॉडेल समुद्राच्या नकाशाला चौकटी पाडतं, जगभराचा समुद्र धरणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत एक चौकट साधारण ८-९ किलोमीटरची असते, आणि प्रत्येक चौकटीसाठी या वेळी पाणी कुठल्या दिशेला किती वेगाने चाललंय त्याचे आकडे असतात. कण जिथे आहे तिथला वेग घ्यायचा, तासाभरात तो कुठे पोचेल ते काढायचं, मग तिथला वेग घेऊन पुढचा तास, असं करत जायचं. सेकंदाला २० सेंटिमीटर हा वेग ऐकायला काहीच वाटत नाही, माणूस रमतगमत चालतो त्याहूनही कितीतरी हळू, पण पाणी रात्री थांबत नाही त्यामुळे दिवसाला १७ किलोमीटर होतात.

आता अडतं कुठे, तर चौकटीच्या आत. ८-९ किलोमीटरच्या पोटात जे छोटे भोवरे फिरत असतात ते मॉडेलला दिसतच नाहीत, पण खऱ्या तरंगत्या वस्तूला ते ढकलतात. म्हणून दर तासाला कणाला एक छोटा धक्का द्यायचा, दिशा कुठलीही, नाणं उडवल्यासारखी. समजा पाणी मिसळण्याचा गुणांक, म्हणजे भोवरे वस्तू किती झपाट्याने पांगवतात तो आकडा, सेकंदाला १० चौरस मीटर धरला तर हा धक्का कुठल्याही एका दिशेत तासाला सरासरी २७० मीटरच्या आसपास येतो. एका तासाचा धक्का पूर्वेला तर पुढचा कदाचित पश्चिमेला, काही धक्के एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे २४ तासांत २४ पट पांगापांग होत नाही, साधारण पाच पटच होते, म्हणजे १.३ किलोमीटर. आणि ती दुप्पट व्हायला दोन नाही, चार दिवस लागतात.

एकच कण सोडलात तर या असंख्य शक्यतांतला फक्त एक रस्ता दिसेल आणि तोच खरा वाटायला लागेल, हे मला फार धोक्याचं वाटतं. दहा हजार सोडले की त्यातले किती किनाऱ्याच्या कुठल्या तुकड्याला लागले ते मोजता येतं. म्हणजे उत्तर ‘इथे लागेल’ असं नसतं, ‘इथे लागायची शक्यता इतकी’ असं असतं, आणि सफाईची माणसं कुठे पाठवायची ते ठरवायला हेच जास्त उपयोगाचं आहे.

एक प्रयोग मला मनापासून आवडतो तो सांगतोच. १९४८ साली रिचर्डसन आणि स्टॉमेल या दोन शास्त्रज्ञांचा एक छोटासा लेख आला, त्यांनी स्कॉटलंडमधल्या लॉक लाँग या खाडीत पार्सनिपचे, म्हणजे गाजरासारख्या पांढरट कंदाचे तुकडे जोडीजोडीने टाकले आणि प्रत्येक जोडीतलं अंतर कसं वाढतं ते मोजलं. पार्सनिपच का, तर तो तरंगतो पण जवळजवळ सगळा पाण्याखालीच राहतो म्हणून वारा लागत नाही, आणि लांबून दिसतो पण छान. दिसलं ते असं की तुकडे जेवढे लांब जातील तेवढे ते आणखी झपाट्याने लांब जातात, कारण आता त्यांना मोठे भोवरे ओढायला लागतात. म्हणून वरचा तो गुणांकाचा १० चा आकडा सगळीकडे चालत नाही, कणांचा ढग पसरत गेला की तोही वाढवावा लागतो.

प्रश्न: रिकामी बाटली आणि तेलाचा तवंग एकाच प्रवाहात असले तर एकाच ठिकाणी जातील का?

उत्तर: बहुतेक नाही. तेलासाठी ढोबळ नियम असा की वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेग प्रवाहात मिळवायचा. वारा सेकंदाला १० मीटर असेल तर ३० सेंटिमीटर झाले, दिवसाला २६ किलोमीटर, म्हणजे वर धरलेल्या प्रवाहापेक्षाही जास्त! रिकामी बाटली पाण्याच्या वर डोकं काढून असते, तिला वारा थेट ढकलतो, तीच पाण्याने भरली की मुकाट प्रवाहाबरोबर जाते. शिवाय तेलाचं थोडं उडून जातं, थोडं लाटांनी फेटलं जाऊन थेंब होऊन खाली जातं, म्हणजे कणाची जागाच नाही तर त्याचं वजनही दर तासाला बदलत ठेवावं लागतं.

प्रश्न: मग काळ उलटा चालवून, किनाऱ्यावर सापडलेली वस्तू कुठून आली ते सांगता येतं का?

उत्तर: येतं, पण मोठा भाग मिळतो, ठिपका नाही. वेगाची चिन्हं उलटी केली की प्रवाह मागे चालतो, पण धक्के मागे जात नाहीत, मिसळलेलं पाणी परत वेगळं होत नाही ना, त्यामुळे मागे जातानाही कणांचा ढग पसरतच जातो. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या एमएच३७० विमानाच्या पंखाचा एक तुकडा, फ्लॅपेरॉन, जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर सापडला तेव्हा हाच प्रश्न पडला. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेच्या लोकांनी तर तशाच विमानाचा खरा फ्लॅपेरॉन मिळवला, सापडलेल्या तुकड्यासारखा कापला आणि समुद्रात सोडून पाहिला. तो वाऱ्याच्या सरळ रेषेत न जाता साधारण २० अंश डावीकडे सरकत होता, आणि आधी तपासलेल्या त्याच्या नकली प्रतिकृतींपेक्षा वेगानेही. दिवसाला थोडाच फरक, पण १६ महिन्यांत तो केवढा होतो विचार करा, म्हणून उलटा हिशोब करायचा असेल तर आधी ती वस्तू पाण्यात नेमकी किती बुडते आणि कशी वळते ते मोजून घ्यावं लागतं.