घटकात्मक की क्रमगुणित? आणि ‘आंतरक्रिया’ नेमकी कुणाची?

प्रश्न मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. फॅक्टोरियल डिझाइनला, म्हणजे अनेक घटक एकत्र बदलून पाहणाऱ्या प्रयोगाच्या आखणीला, तिच्या पुस्तकात ‘घटकात्मक अभिकल्प’ म्हटलंय. पण गणितात फॅक्टोरियल म्हणजे क्रमगुणित, मग इथे ‘क्रमगुणित अभिकल्प’ का नको? शिवाय, ‘आंतरक्रिया’ (इंटरॅक्शन) म्हणजे दोन घटक एकमेकांवर परिणाम करतात, असंच ना?

पहिल्या शंकेचं उत्तर सोपं आहे: घटकात्मकच. फॅक्टर या शब्दाला मराठीत आपण दोन वेगळे शब्द केलेत. शाळेत आपण ‘अवयव पाडा’ म्हणतो, तो गणितातला फॅक्टर. आणि ‘यामागे अनेक घटक आहेत’ म्हणतो, तो कारणांतला. 5 चं क्रमगुणित (5×4×3×2×1) 120 येतं, ते पहिल्या अर्थाच्या घरातलं. प्रयोगाच्या आखणीतला फॅक्टर दुसऱ्या अर्थाचा. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हा तेव्हाचा शिरस्ता त्यांना मान्य नव्हता. खत, वाण असे अनेक घटक एकाच प्रयोगात एकत्र बदलावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. 1935 च्या त्यांच्या पुस्तकात या पद्धतीवर स्वतंत्र प्रकरण आहे. तेव्हा ‘क्रमगुणित अभिकल्प’ लिहिलंत तर वाचणारा भलत्याच गणितात शिरेल.

अशी आखणी आकड्यांत लिहितात, उदाहरणार्थ 2×2. हे ‘दोन बाय दोन’ असंच वाचा, वर्गात सगळे तसंच म्हणतात. जितके आकडे तितके घटक. प्रत्येक आकडा म्हणजे त्या घटकाच्या पातळ्या किती (खत घातलेलं आणि न घातलेलं, या झाल्या दोन पातळ्या). गुणाकार म्हणजे एकूण परिस्थिती. 3×2 म्हणजे दोन घटक, सहा परिस्थिती.

खरी मेख दुसऱ्या शंकेत आहे, आणि तिच्यासाठी मला एक प्रयोग उलगडूनच सांगावासा वाटतो. डंकन गॉडन आणि अॅलन बॅडली या मानसशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये तो प्रसिद्ध केला. स्कॉटलंडमध्ये ओबनजवळच्या समुद्रात हौशी पाणबुड्यांना 36 शब्दांच्या याद्या ऐकवल्या, कधी किनाऱ्यावर, कधी सुमारे 20 फूट पाण्याखाली. मग आठवतील तितके शब्द लिहायला सांगितले, तेही कधी किनाऱ्यावर, कधी पाण्याखाली. शिकण्याची जागा हा एक घटक, आठवण्याची जागा हा दुसरा. दोन बाय दोन.

किनाऱ्यावर शिकून किनाऱ्यावरच आठवायला सांगितलं तेव्हा सरासरी 13.5 शब्द आले. किनाऱ्यावर शिकून पाण्याखाली 8.6. पाण्याखाली शिकून किनाऱ्यावर 8.4, पाण्याखाली शिकून पाण्याखालीच 11.4.

आता एकेक घटक सुटा काढून बघा. शिकण्याची जागा: किनारा 11.05, पाणी 9.9. आठवण्याची जागा: किनारा 10.95, पाणी 10. दोन्हीकडे फरक जेमतेम एका शब्दाचा. यांना मुख्य परिणाम म्हणतात आणि इथे ते किरकोळ आहेत. पण दोन्ही जागा एकच असताना सरासरी 12.45 आणि वेगळ्या असताना 8.5, म्हणजे जवळपास चार शब्दांचा फरक! एका वेळी एकच घटक बदलणाऱ्या प्रयोगात हे हाती लागलंच नसतं. नुसत्या किनाऱ्यावर आठवायला लावलं असतं, तर ‘पाण्याखाली शिकलेलं नीट लक्षात राहत नाही’ असा साफ चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

हीच आंतरक्रिया. इथे शिकण्याच्या जागेने आठवण्याच्या जागेवर काहीही परिणाम केलेला नाही. तसा तो होऊच शकत नाही, कारण दोन्ही जागा प्रयोग करणाऱ्याने ठरवल्या आहेत. एका घटकाचा परिणाम किती आणि कुठल्या दिशेने, हे दुसऱ्या घटकाच्या पातळीवर ठरतं, एवढाच तिचा अर्थ. ‘आंतरक्रिया’ या शब्दाने ‘एकमेकांवर’ असा भास होतो हे खरं, पण शब्द रुळलाय, तो बदलू नका. ‘परस्परसंबंध’ मात्र कटाक्षाने टाळा. वाचणाऱ्याला तो सहसंबंध (कोरिलेशन) वाटतो, आणि ती पूर्ण वेगळी गोष्ट आहे.

उत्तर लिहिताना आंतरक्रिया एका वाक्यात सांगायची असेल तर आपल्याकडे ‘जिथे–तिथे’, ‘जर–तर’, ‘ज्याला–त्याला’ या जोड्या आयत्या आहेत. ‘किनाऱ्यावर जास्त आठवतं’ हे मुख्य परिणामाचं वाक्य. ‘जिथे शिकलं तिथेच जास्त आठवतं’ हे आंतरक्रियेचं. या दुसऱ्या वाक्यातून ‘जिथे’ काढून बघा, वाक्य लंगडं पडतं. निष्कर्ष अशा जोडीशिवाय सांगता येत नसेल तर तिथे बहुधा आंतरक्रिया आहे, असं खुशाल समजा आणि मग आकडे तपासा.

उत्तरपत्रिकेत हा प्रयोग वापरणार असाल तर आणखी दोन गोष्टी जोडा. याच दोघांनी 1980 मध्ये शब्द नुसते ओळखायला लावले, तेव्हा जागेचा हा परिणाम दिसला नाही. आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुनरावृत्तीत मूळचा, आठवून लिहिण्याचा निष्कर्षही पुन्हा मिळाला नाही. त्यामुळे घटकात्मक अभिकल्पाचं उदाहरण म्हणून तो बिनधास्त द्या. स्मृतीचा सिद्ध नियम म्हणून देऊ नका.