परदेशी विद्यार्थी दहा महिने घरी राहणार, पोलिस स्टेशनात तोंडी सांगितलं तर चालेल का?

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोप उडाली, खोटं नाही सांगत. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीचा कार्यक्रम चालवणाऱ्या एका संस्थेमार्फत जुलैत इटलीची सोळा वर्षांची मुलगी दहा महिन्यांसाठी तुमच्या मालवणच्या घरी यायची आहे. कमोड बसवायचा का, एसी लागेल का, मासे खाईल का, हे सगळं तुम्ही विचारलंत. त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, मी त्यात पडत नाही. माझं लक्ष गेलं ते तुमच्या शेवटच्या ओळीवर. "कागदपत्रांचं संस्था बघते म्हणालेत, आम्ही फक्त पोलिस स्टेशनात तोंडी सांगून येऊ, चालेल ना?"

नाही चालणार. हीच ओळ २०२२ साली आमच्या ह्यांच्या तोंडी होती.

आधीच सांगते, मी वकील नाही, सरकारी नोकरीतही नव्हते. शाळेत सत्तावीस वर्षं गणित शिकवलं, एवढंच. आमच्या बाबतीत घडलं ते लिहिते, तुमच्याकडे थोडं वेगळं असू शकेल. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, दापोली ते देवगड यांच्या मधलं कुठलंही एक समजा.

आमच्याकडे बेल्जियमचा सतरा वर्षांचा मुलगा होता. शेजारच्या आजींना ते "बेळगाव" ऐकू आलं. मग वर्षभर वाडीत "बेळगावचा पोरगा, पण एवढा गोरा कसा" ही चर्चा चालली, ती शेवटपर्यंत कोणी दुरुस्त केली नाही. या कार्यक्रमांत मूल एकाच घरी राहत नाही, दोन-तीन घरं बदलतं. हा आधी त्याच जिल्ह्यातल्या एका शहरातल्या कुटुंबाकडे होता आणि नारळी पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी आमच्याकडे आला. खोली तयार, मच्छरदाणी तयार, मी घावणे घालत होते. कागदाचा विचारसुद्धा मनात नव्हता.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी हाताने अर्ज लिहिला, पासपोर्टची झेरॉक्स लावली, पोलिस स्टेशनात दिला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का आणला. तिथल्या माणसाने चहा पाजून सांगितलं, "सर, झालं तुमचं काम, निवांत राहा." संस्थेच्या बाई फोनवर म्हणाल्या, "पहिल्या घरी सगळी नोंद झालीय, परत काही लागत नाही." दोघेही सज्जनपणे बोलले. आणि दोघेही चुकीचं बोलले.

चारच दिवसांनी, १८ ऑगस्टला, हरिहरेश्वरजवळ एके-४७ असलेली बोट सापडली. बातमी तुम्हाला आठवत असेल. किनाऱ्यावर तपासणी सुरू झाली, लॉज, होमस्टे, आमच्यासारखी घरंसुद्धा. आमच्याकडे दोघे आले, शिक्क्याचा कागद बघितला, पोराबरोबर फोटो काढला आणि गेले. मला वाटलं, बघा, कागद चालतो! तिथेच खरी फसगत झाली. (किनाऱ्यावर एवढी सावधगिरी का, असं मुलगी विचारेल. १९९३ साली शेखाडीला स्फोटकं उतरली होती, हे तिला सांगा. आमच्या पाहुण्याला ते कळल्यावर पोलिसांचा राग येणं बंद झालं.)

आता मुद्दा. परदेशी माणूस ज्याच्या घरी मुक्काम करतो, त्या घरमालकाने २४ तासांच्या आत ऑनलाइन सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची नोंद, भरायचा असतो. हॉटेलवाला असो की तुमच्या-माझ्यासारखं घर. मूल घर बदलेल तेव्हा नव्या घरमालकाने पुन्हा भरायचा. पहिल्या घराचा फॉर्म पहिल्या घरापुरता. शाळा-कॉलेज भरतं तो एस फॉर्म वेगळा, त्याचा आणि तुमच्या घराचा संबंध नाही. शिवाय विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांहून जास्त असेल तर भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत विदेशी नोंदणी करावी लागते, ती परदेशी नागरिकांसाठीच्या सरकारी ई-एफआरआरओ पोर्टलवर, आणि तिथे राहण्याचा पुरावा म्हणून हाच सी फॉर्म मागतात. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा आलाय, फॉर्मांचे क्रमांक बदलले, पण २४ तास तेच राहिले. आम्ही जुनी माणसं अजून सी फॉर्मच म्हणतो.

आणि हे कोणीच सांगत नाही: तो फॉर्म भरायला आधी तुमच्या घराच्या नावाने लॉगिन लागतं. ते मागितल्याबरोबर मिळत नाही. अर्ज करायचा, मग जिल्ह्याच्या पातळीवर कोणीतरी मंजूर करायचा, मग आयडी चालू होतो. म्हणजे मूल दारात उभं राहिल्यावर लॉगिन काढायला बसलात तर २४ तास तिथेच गेले. मूल यायच्या महिनाभर आधी आयडी हातात पाहिजे. बाकी काही नाही केलंत तरी चालेल, कमोडसुद्धा राहू दे, पण हे आजच करा.

आमचं काय झालं ते ऐका. त्याचा व्हिसा कार्यक्रमाच्या आधीच, १२ मार्चला संपत होता. मुदतवाढीचा अर्ज फेब्रुवारीच्या मध्यावर टाकला. आठवड्याने परत आला: सध्याच्या पत्त्याचा सी फॉर्म जोडा. आम्ही शिक्क्याचा कागद स्कॅन करून टाकला. परत आला. मग जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात गेलो. फेरीबोट पकडायची, पलीकडून एसटी, दोन तास तिथल्या बाकावर. साहेब म्हणाले, हे तालुक्याचं. तालुक्याला म्हणाले, ऑनलाइन आहे, आमच्या हातात काय? पुन्हा जिल्हा. तिथे दुसऱ्या टेबलवर एक ताई होत्या. त्यांनी आमचा अर्ज हातात धरून तीन सेकंद बघितला आणि म्हणाल्या, "काका, ह्या शिक्क्याला सिस्टिममध्ये जागा नाही." एवढं एक वाक्य मला कोणी ऑगस्टमध्ये सांगितलं असतं!

मग लॉगिन मागितलं, ते नऊ दिवसांनी आलं. मग उशिरा फॉर्म का भरला त्याचा खुलासा. मग पोलिस पडताळणी. आणि त्यात शिमगा आला. ज्यांची सही लागत होती ते पालख्यांच्या बंदोबस्ताला. एका संध्याकाळी हे चक्क सहाणेवर, पालखी बसते त्या जागी, गेले, पालखी नाचत होती, गुलाल उडत होता, आणि हे गर्दीतून हवालदारांना हात करत होते. ते हसून म्हणाले, "सर, आधी देवाला उतरू द्या." चूक त्यांची नव्हती.

आम्ही पाच फेऱ्या मारल्या, दंड भरला, संस्थेच्या बाई एकदाही आल्या नाहीत. ते सगळं मी विसरले असते. पण १४ मार्चला सगळ्या परदेशी मुलांची राजस्थानची सहल होती. वर्षभर तो त्याचीच वाट बघत होता, भिंतीवर जैसलमेरचं चित्र लावलेलं. मुदतवाढ हातात नाही म्हणून त्याला घेतलं नाही. मंजुरी आली तेव्हा मुलं परत फिरली होती.

सहल निघाली त्या दिवशी सकाळी तो ओटीवर बसून होता. मोबाईलवर बाकीच्यांचे गाडीतले फोटो येत होते. मी परड्यातून ओले काजू आणले होते, त्याला म्हटलं, चल, सोलायला मदत कर. माझ्या मनात सहलीचंच चाललेलं, हाताला खोबरेल लावायला सांगायचं राहून गेलं. त्याने तासभर मुकाट्याने सोलले. संध्याकाळपर्यंत चिकाने बोटांची सालं निघायला लागली. मला म्हणतो, "काकू, ठीक आहे. दुखत नाही." मराठीत. मी आत जाऊन रडले.

तर आता माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. संस्थेने "आम्ही बघतो" म्हटलं की विचारा, कोण बघतो, कधी, आणि प्रत कुठे आहे? फॉर्म भरल्यावर छापील प्रत निघते, त्यावर अर्जाचा क्रमांक असतो. तो क्रमांक दिसला नाही म्हणजे काम झालं नाही, कितीही गोड बोलले तरी. पोलिस स्टेशनात जरूर जा, ओळख करून द्या, पुढे उपयोग होतो. पण ती ओळख झाली, नोंद नव्हे. फॉर्म भरताना पासपोर्ट, व्हिसा, भारतात कधी उतरली, तुमच्याकडे कुठून आली, पुढे कुठे जाणार हे लागतं, फोटोही लागतो. ते सगळं मूल विमानात बसायच्या आधीच ईमेलने मागवून ठेवा. आणि व्हिसाच्या शेवटच्या तारखेवर पहिल्याच दिवशी बोट ठेवून बघा, कार्यक्रम संपायच्या आधी संपत नाही ना. गणपतीत तुमच्या माहेरी-सासरी दोन रात्री नेणार असाल तर लक्षात ठेवा, ज्याच्या घरी मुक्काम त्याने भरायचा. आम्ही त्यानंतर मुक्कामच टाळले, दिवसा जाऊन संध्याकाळी परत. कडक वाटेल, पण एकदा पोळलोय.

आणखी एक, हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. आईवडिलांना सांगा, मुलीबरोबर सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं ट्रेकिंगचं यंत्र देऊ नका. त्यांच्याकडे ते सुरक्षेसाठी देतात, आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच पकडतात.

घरातल्या गोष्टींचं थोडक्यात सांगते, कारण तुम्ही विचारलंय. एसी नको, इन्व्हर्टर घ्या, पावसात वीज गेली की दोन दिवस येत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार. ओल्या कपड्यांनी मुलांना हमखास गजकर्ण होतं, लाज वाटून ती सांगत नाहीत, तेव्हा आपणच पहिल्या आठवड्यात विषय काढा. बूट झटकून घालायची सवय लावा, विंचवासाठी. गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, हात टाकू नये, जांभ्याच्या दगडात फुरसं हा विषारी साप बसतो. तो एवढासा असतो, मुलांना गंमत वाटते, हातात घ्यायला जातात. आणि समुद्र. युरोपातली मुलं पोहायला चांगली असतात, तीच खरी भीती. आमच्याकडे नियम एकच होता, ऑगस्टअखेरपर्यंत गुडघ्यापुढे नाही आणि उधाणाच्या दिवसांत पाण्याकडे नाहीच. मासे खाईल, काळजी करू नका. आमचा पहिल्या आठवड्यात बांगड्याकडे बघून तोंड फिरवायचा, जानेवारीत डोकंसुद्धा सोडत नव्हता.

लॉगिन आलं की इथे कळवा, किती दिवस लागले तेही लिहा, बाकीच्यांना उपयोग होईल. आणि मार्चमध्ये काजू सोलायला बसवाल तर खोबरेल आधी चोळा, मनगटापर्यंत.